पोळ्याच्या दिवशीचं शून्य

सिद्राम,

आपला पावसाचा तक्ता पुन्हा होता तसा झाला आहे आणि का झाला आहे ते मला कळत नाही. तुलाच विचारावं म्हणून परवा फोन उचलला, तुझं नाव काढलं, अंगठा नावावर टेकवला आणि मग ध्यानात आलं. तरी फोन लगेच खाली ठेवला नाही. लावला असता तर कुणी उचलला असता, वहिनींनी की तुझ्या भावानं, असा वेड्यासारखा विचार करत बसलो.

लोक मला विचारतात, कसं झालं, वय काय होतं, आधी काही त्रास होता का. ते सांगायला तुझे भाऊबंद आहेत. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे की तक्त्यातल्या तारखा तू का बदलल्यास, रागानं बदलल्यास का. तू गेलास त्या रविवारच्या आधी पंधरवडाभर आपलं धड बोलणं नव्हतं. स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून आपण एकमेकांना ‘सर’ म्हणत होतो. वर्गमित्र एकमेकांना सर म्हणायला लागले की समजावं, पाणी डोक्यावरून गेलं.

हे काम सुरू कसं झालं तेही आता नीट आठवत नाही. मी भूगोल शिकवणारा, तू संगणक. मी ईटचा, तू माकणीचा. जिल्ह्याच्या दोन टोकांची दोन गावं आणि मधे धाराशिवचं आपलं कॉलेज. दोन्ही गावांतल्या शेतकरी गटांना एकच गोष्ट हवी होती. पेरणी झाल्यावर पाऊस किती दिवस ओढ देतो, गेल्या काही वर्षांत त्यानं कधी कधी दगा दिला, हे आपल्या गावापुरतं कुणीतरी कागदावर मांडून द्यावं. माहिती होती, पण ती चौकोनांत होती. सगळ्या देशावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, प्रत्येक चौकोनात त्या दिवशीचा पाऊस लिहायचा, आणि असा रोजचा एक थर, वर्षानुवर्षं एकावर एक. ती फाइल शेतकऱ्याला उघडता येत नाही आणि उघडली तरी वाचता येत नाही. तक्ता मात्र सगळ्यांना वाचता येतो.

पायथन भाषेतली ती तयार आज्ञांची लायब्ररी चौकोनांचा तक्ता कसा करते, हे तू वहिनींना समजावलं होतंस ते मला अजून आठवतं. गच्चीवर साडी पसरून पापड घातलेत समज, तू म्हणालास. एकेक पापड म्हणजे एकेक चौकोन. दुसऱ्या दिवशी दुसरी साडी, दुसरे पापड. ही लायब्ररी सगळे पापड उचलते, एकाखाली एक रचते आणि प्रत्येकावर लिहून ठेवते की हा कोणत्या दिवसाच्या साडीवरचा, कोणत्या आडव्या ओळीतला, कोणत्या उभ्या ओळीतला. वहिनींनी शांतपणे विचारलं होतं की एवढं लिहीत बसलं तर पापड तळायचे कधी. तू इतका हसलास की तुझा चहा सांडला. नंतर तू कितीतरी वर्गांत हे उदाहरण दिलंस आणि वहिनींचा प्रश्न स्वतःचा म्हणून खपवलास.

पहिल्यांदा तू संगणकाला तक्ता करायची आज्ञा दिलीस तेव्हा अख्ख्या देशाचे सगळे चौकोन, सगळे दिवस, एकाच वेळी तक्त्यात उतरवायला निघालास. कॉलेजचा संगणक असा बसला की दुपारचे तास संपले तरी उठेना. मी तुला म्हणालो, अरे, आपल्याला काश्मिरात सोयाबीन पेरायचंय का? तेव्हापासून तू नियमच केलास, आधी कापायचं, मग पसरायचं. आधी आपल्या जिल्ह्यापुरते चौकोन कापून घ्यायचे आणि मगच त्यांच्या ओळी करायच्या. पोरांना शिकवतानाही तू हे इतक्या वेळा म्हणायचास की ती तुला शिंपीसर म्हणायला लागली होती. तुला माहीत होतं का ते? मला विचारायचं राहून गेलं.

चौकोनांवरूनही आपण भांडलो, पण ती भांडणं गोड होती. माकणीच्या चौकोनात निम्न तेरणा धरणाचं पाणी येतं. तू म्हणायचास, धरणावर पडलेला पाऊस माझ्या गावाच्या नावावर का लावतोस, तिथं काय मासे पेरलेत? मी म्हणायचो, चौकोनाला गाव माहीत नसतं, त्याला फक्त अक्षांश-रेखांश माहीत असतात. ईटच्या चौकोनाचा एक कोपरा शेजारच्या जिल्ह्यात जातो, त्यावर तू मला परप्रांतीय म्हणायचास. असं काहीतरी रोज चालायचं आणि त्यातच तक्ता पुढं सरकायचा. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघं काम करता की नांदता?

मग आपण तो तक्ता घेऊन ईटला गेलो. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, गणपती नुकतेच उठले होते. तू पडद्यावर ओळी दाखवत होतास, गावाचं नाव, तारीख, पाऊस. सगळे माना डोलवत होते. किसनअण्णा मागच्या बाकावर होते. शेतकरी गट त्यांच्याच शब्दावर चालतो, हे मी तुला वाटेत सांगितलं होतं. ते उठले आणि म्हणाले, “यंदाचा पोळा काढा बरं.”

तू पोळ्याची तारीख काढलीस. समोर शून्य होतं.

अण्णा तिथंच उभे राहून बोलले. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. “पोळ्याला बैलं मारुतीपुढं उभी व्हती आन् पाऊस आला. झुली भिजल्या, शिंगांचा रंग गळून तोंडावर आला. पोरं देवळात शिरली, आमी बैल धरून भिजत ऱ्हायलो. आन् तुमच्यात शून्य? मग बाकीचं बी असंच आसंल.”

एवढं बोलून ते खाली बसले आणि हॉलमधला सगळा तक्ताच खाली बसला. लोक आपापसात बोलायला लागले. माझ्याच गावात, माझ्या ओळखीच्या माणसांसमोर. मी म्हणालो, चौकोन मोठा असतो, सरासरी असते. कुणी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही माझ्यावर विश्वास बसला नाही. मिरवणूक भिजवणारा पाऊस सरासरीत असा शून्यावर येत नाही.

उत्तर तुलाच सापडलं, परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा. तू लॅपटॉप हॉटेलच्या टेबलावर उघडलास आणि पोळ्याच्या खालची ओळ दाखवलीस. दुसऱ्या दिवसावर भरघोस पाऊस होता. पावसाची मोजणी सकाळी होते. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत जेवढा पडला तेवढा आजच्या तारखेवर लिहिला जातो. पोळ्याच्या संध्याकाळचा पाऊस म्हणून दुसऱ्या दिवशीच्या ओळीत जाऊन बसला होता. तक्ता चुकला नव्हता आणि अण्णाही चुकले नव्हते. आपण दोघं एवढे शिकलेले, हे माहीत असूनही विसरलो होतो.

इथवर आपलं एकमत होतं. तू म्हणालास, सोपं आहे, सगळ्या तारखा एक दिवस मागं घेऊ. एका ओळीचं काम. मी म्हणालो, अजिबात नाही. मूळ फाइलीत जी तारीख आहे तीच राहील. आपण सरकवायला लागलो तर उद्या कुणी दुसऱ्या तक्त्याशी ताडून बघितलं की आपलाच खोटा ठरेल. आणि पहाटे पडणाऱ्या पावसाचं काय? तो ज्या तारखेला पडला त्याच तारखेवर आहे, त्यालाही तू मागं ओढणार? तू म्हणालास, पहाटेच्या पावसाला आपल्याकडं कोण आजचा म्हणतं? ‘रात्री झाला’ म्हणतात. आपल्या माणसांचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो, दत्ता.

मी म्हणालो, मग दोन्ही तारखा देऊ, शेजारी शेजारी. ते मात्र तुला मुळीच पटलं नाही, आणि त्यातलं तुझं म्हणणं मलाही खोडता आलं नाही. “दोन तारखा दिल्या की लोक म्हणतील ह्यान्लाच नक्की माहीत न्हाय. एक ठरव. तुझी आसू दे न्हायतर माझी.”

ठरलं नाही. पुढचे दिवस मी म्हणेन तीच पूर्व दिशा असं मी धरून बसलो आणि तू म्हणशील तीच असं तू. तू मला म्हणालास की माझ्यासाठी माणसांपेक्षा फाइल मोठी आहे. मीही काहीतरी बोललो, ते इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे. मग ते ‘सर’ सुरू झालं.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला माहीत नाही. किंवा आहे. तेच तर मला कळत नाही.

तू गेलास त्याच आठवड्यात एकदा सकाळी आईचा ईटहून फोन आला. म्हणाली, काल रात्री लई पाऊस झाला, ओसरीवर पाणी आलं. मी सहज विचारलं, किती वाजता गं? म्हणाली, कोंबडं आरवायच्या वक्ताला. फोन ठेवला आणि मी हसायलाच लागलो. तू बरोबर होतास. माझी स्वतःची आई तुझ्या बाजूनं होती. त्याच दुपारी मी आपली दोघांची फाइल उघडली, तारखा एक दिवस मागं घेणारी ओळ लिहिली, तक्ता पुन्हा करून ठेवला. पोळ्याची ओळ काढून बघितली. पाऊस पोळ्यावर आला होता. तुला फोन केला नाही. मला ते तोंडानं सांगायचं होतं, सोमवारी, कॅंटीनच्या चहावर. तू कसा मान तिरकी करून, मोठेपणानं बिस्किट पुढं सरकवशील तेही मला दिसत होतं. सोमवार काही आला नाही.

माकणीला तुझ्या मळ्यात मी मागं उभा होतो. तुम्हा लिंगायतांत बसवून माती देतात हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. तुला बसलेलं बघितलं आणि मला काय करावं कळेना. कपाळाला विभूती, मान थोडी कलती, स्टाफ मीटिंगमध्ये बसायचास अगदी तसा. आता हा डोळे उघडेल आणि मला ‘सर’ म्हणेल असं वाटलं. स्वामी मंत्र म्हणत होते, लोक बेलाची पानं टाकत होते. मी हातातली पानं टाकायची विसरलो, ती तशीच खिशात घरी आली. अजून टेबलावर आहेत. त्यांचं काय करायचं असतं ते कुणाला विचारू?

चार-पाच दिवसांनी फाइल उघडली. कामासाठी नाही, तुझं काहीतरी बघावंसं वाटलं म्हणून. आणि बघतो तर पोळ्याच्या दिवशी पुन्हा शून्य. मला वाटलं माझीच ओळ चुकली. पुन्हा पुन्हा वाचली. माझी ओळ जागेवर होती. तिच्या खाली दुसरी एक ओळ होती, तारखा एक दिवस पुढं नेणारी. फाइलीत शेवटचा बदल तुझा होता, शनिवारचा.

तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही. मी हार मानली ती तू बघितलीस आणि उचलून फेकून दिलीस, असं एकदा वाटतं. नको तुझी मेहेरबानी, असं. रागात माणूस असं करतो, मीही केलं असतं. मग वाटतं, नाही, तू असा नव्हतास. तू भांडायचास तेव्हा समोर भांडायचास, माणसाच्या मागं त्याची ओळ पुसणं तुझ्यात नव्हतं. मग वाटतं, पण शेवटच्या पंधरा दिवसांत तरी तू कसा होतास ते मला कुठं माहीत आहे? वर्गात शिकवताना मधेच गप्प होतो. पोरांना वाटतं सरांना दुःख झालंय. दुःख आहेच रे. पण तेव्हा मी दुःख करत नसतो, त्या दोन ओळी वाचत असतो.

इथवर लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. शेवटी न राहवून माकणीला गेलो. तुझ्या दिवसांची, शिवगणाराधनेची धावपळ झाली होती, मांडवाचे बांबू अजून अंगणात पडलेले. वहिनी आत होत्या. आधी त्यांना काय विचारणार, त्यांचा नवरा गेलाय आणि मी तारखा विचारायला आलोय. इकडचं तिकडचं बोललो. त्यांनीच विचारलं, भावजी, तुमचा तो पापडाचा तक्ता झाला का पुरा? मग माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, शनिवारी त्यानं त्यात काहीतरी बदललं, का बदललं ते समजत नाही, माझ्यावर रागावला होता का तो?

वहिनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, “राग कशाचा? शनवारी दुपारी म्या शेंगा सोलत व्हते, हे समोर मशीन घेऊन बसलेले. गावच्या वॉट्सअपच्या गटात रोज सकाळी महसूल मंडळाचा पाऊस त्याच दिवसाच्या तारखेनं येतो न्हाय का, तो जुळवून बघत व्हते. म्हणले, दत्ताचं खरं हाय, लोक बी आता ह्याच तारखा बघायलेत. मग म्हणले, ह्या तारखा मागं गेल्यात कशा? माझीच कवातरीची करणी दिसतीय. आन् पुढं घेतल्या.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

“म्या बी तेच म्हणले, फोन करा. तर म्हणले, फोनवर सांगितलं तर त्याचं तोंड बघायला मिळायचं न्हाय. सोमवारी सांगतो.”

त्या चहा करायला उठल्या ते बरं झालं.

म्हणजे काय झालं ते आता मला कळलं आणि कळल्यानं काही सुटलं नाही. मी तुझं मान्य करून तारखा मागं घेतल्या. तू माझं मान्य करायला बसलास, तारखा मागं गेलेल्या बघितल्यास, आपणच कधीतरी प्रयोग करताना केलं असेल असं समजलास आणि पुढं घेतल्यास. मी हरलो हे तुला कळलंच नाही. तू हरलास हे मला तू मातीत गेल्यावर कळलं. राग नव्हता. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, माकणीच्या फाट्यापर्यंत. मग तिथं एस.टी.ची वाट बघत उभा असताना असं रडू आलं की शेजारच्या बाईनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून हातात दिली.

कारण आता भांडण कुणाशी आहे? तू माझ्या बाजूला, मी तुझ्या बाजूला, आणि मधे तक्ता. तुझा शेवटचा शब्द पाळायचा तर माझंच जुनं म्हणणं खरं करायचं, जे मला आता पटत नाही. माझा शब्द पाळायचा तर तू शेवटचं जे काम हातानं केलंस ते पुसायचं. जिवंत असतास तर अर्ध्या तासात मिटवलं असतं, किंवा आणखी महिनाभर भांडलो असतो, दोन्ही मला चाललं असतं. किसनअण्णांचा निरोप येतो की ज्वारी-हरभऱ्याच्या आधी तक्ता मिळाला तर बरं. मी म्हणतो, देतो. काय देऊ ते माहीत नसताना देतो म्हणतो.

तुझ्याकडून मला काय काय मिळालं ते लिहावं म्हणून बसलो होतो, सगळे लिहितात तसं. पण मला सारखं एकच आठवतं. माझं चुकलं की तू ‘चुकलं’ म्हणायचा नाहीस, ‘पुन्हा एकदा चालवून बघू’ म्हणायचास. एवढं जरी मी तुझ्याकडून शिकलो असेन तर पुष्कळ झालं. मी चुकलं असंच म्हणतो अजून, पोरांना आणि बायकोलाही.

काल नव्या महिन्याचे चौकोन आले. सवयीनं कापून घेतले, पसरले. ईट बघितलं, मग माकणी. नको म्हणत असताना त्या रविवारची ओळ काढली. शून्य. खालच्या ओळीत, सोमवारी, भरपूर पाऊस.

सिद्राम, त्या रविवारी संध्याकाळी तुझ्यावर शेवटची माती पडली आणि आम्ही वळलो तोच परतीचा पाऊस आला. कुणी पळालं नाही. तुझ्या भावानं ताडपत्री आणली आणि तुझी ओली माती वाहून जाऊ नये म्हणून ती तुझ्यावर टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. तिथं उभा असलेला एकही माणूस जन्मभर सोमवार म्हणणार नाही. वहिनींनाही कुणी सांगू शकणार नाही की त्या दिवशी कोरडं होतं.

मी तुझी शनिवारची ओळ काढून टाकली. शेवटी तू माझं ऐकलं होतंस हे मला माहीत आहे, आणि मी तुझं ऐकत नाहीये. तक्ता चालवला, किसनअण्णांना पाठवला. तुला माती दिली त्या दिवशी माकणीत पाऊस होता, आता तक्त्यातही आहे.